ठेंगण्या बांध्याच्या स्त्रिया आणि जीन्सचे माप : तयार कपड्यांच्या मापनपद्धतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज मानली जाते. परंतु वस्त्राचे माप ही त्या मानाने अलीकडची बाब आहे. साडी, धोतर, उपरणे, पंचा ही भारतीय वस्त्रे अंगाभोवती गुंडाळून नेसण्याची असल्याने त्यांना देहाचे वेगळे माप लागत नसे. उंच स्त्रीची साडी आणि ठेंगण्या स्त्रीची साडी एकच असे; फरक पडे तो निऱ्यांच्या संख्येत आणि कमरेशी खोचलेल्या कापडाच्या उंचीत. नऊवारी लुगड्याचा कासोटा दोन्ही पायांना स्वतंत्र वेढा देतो, तरीही तो प्रत्येक देहाला जुळवून घेता येतो. शिवलेल्या कपड्यांपैकी चोळी आणि पोलके अंगाचे माप घेऊनच शिवले जाई, तर परकर आणि सलवार यांची कंबर नाडीच्या आधारे हवी तशी सैल अथवा घट्ट करता येई. थोडक्यात, पूर्वी वस्त्र देहाप्रमाणे बदलत असे.

कारखान्यात तयार होणाऱ्या कपड्याने हा क्रम उलटा केला. येथे कपडा आधी ठरतो आणि देहाने त्यात बसावे अशी अपेक्षा असते. या बदलाचा सर्वांत कठोर अनुभव ज्या वस्त्राने दिला ते म्हणजे जीन्स. जाड, न ताणणारे कापड, कमरेला घट्ट पट्टा आणि मांडीपासून घोट्यापर्यंत अंगाबरोबर जाणारी बेतणी यांमुळे जीन्समध्ये मापातील चूक लपत नाही. कमी उंचीच्या स्त्रियांना तर ही चूक नेहमीच सोसावी लागली आहे. पाय लांब, आसन खोल, गुडघा भलत्याच जागी आणि कंबर मागून सुटलेली, असा अनुभव त्यांना येतो आणि त्याचा दोष पुष्कळदा त्या स्वतःच्या बांध्याला देतात. प्रस्तुत लेखात या दोषाचे मूळ देहात नसून मापनपद्धतीच्या इतिहासात आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) स्त्रियांच्या जीन्सचा उगम व तिच्या मापाचे स्वरूप पाहणे. (२) अमेरिकेतील स्त्रीदेहमापनाचा आणि त्यातून निर्माण झालेल्या प्रमाण मापांचा आढावा घेणे. (३) ‘पेटीट’ या वर्गाची निर्मिती आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे. (४) भारतीय व विशेषतः महाराष्ट्रातील परिस्थितीशी या इतिहासाचा संबंध तपासणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांतून उपलब्ध झालेल्या माहितीचे विश्लेषण केले आहे.

१. जीन्सचा उगम आणि पुरुषी माप

जीन्सच्या कुळाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड समुद्रमार्गे युरोपात जात असे आणि त्यावरूनच इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द रूढ झाला. ‘डेनिम’ हा शब्द फ्रान्समधील नीम शहराशी आणि ‘जीन’ हा शब्द इटलीतील जिनोआ बंदराशी जोडला जातो. ही तिन्ही कापडे खलाशी, मजूर, खाणकामगार यांची होती. टिकाऊपणा हा त्यांचा गुण होता; अंगाला नेमके बसणे ही त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती.

अमेरिकेतील नेवाडा राज्यातील रेनो येथील शिंपी जेकब डेव्हिस याने कामगारांच्या विजारींचे खिसे फाटू नयेत म्हणून ताण येणाऱ्या जागी तांब्याचे रिव्हेट बसविण्याची युक्ती काढली. सॅन फ्रान्सिस्को येथील कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्या साहाय्याने २० मे १८७३ रोजी त्यास पेटंट मिळाले. पुढील साठ वर्षे ही विजार प्रामुख्याने पुरुषांचीच राहिली. तिचे माप दोन आकड्यांत सांगितले जाई : कंबरेचा घेर आणि पायाची आतली लांबी. पुरुषांच्या देहात कंबर आणि नितंब यांच्या घेरातील फरक तुलनेने कमी असल्याने एवढ्यावर काम भागत असे. पाय लांब झाल्यास मोहरी दुमडून घेण्याची रीतही कामकरी वर्गात सर्रास होती.

१९३४ मध्ये याच कंपनीने ‘लेडी लेव्हाइज’ या नावाने स्त्रियांसाठी स्वतंत्र जीन्स बाजारात आणली. पश्चिम अमेरिकेतील पशुपालन केंद्रांवर सुट्टी घालविण्यास जाणाऱ्या स्त्रिया आणि तेथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्त्रिया हा तिचा ग्राहकवर्ग होता. १९३५ मध्ये ‘व्होग’ या नियतकालिकाने या पोशाखाची दखल घेतली. या जीन्ससाठी धुतल्यावर न आटणारे, ‘सॅन्फोराइज्ड’ प्रक्रिया केलेले कापड वापरले होते. मापाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. कापड आटत असे तोवर नेमके माप ही कल्पनाच अर्थहीन होती; कापड स्थिर झाले तेव्हा प्रथमच देहाचे माप आणि कपड्याचे माप यांची तुलना शक्य झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत कामास गेलेल्या लक्षावधी स्त्रियांनी जाड सुती विजारी व अंगरखे वापरले आणि विजार हे स्त्रीचे वस्त्र होऊ शकते, ही जाणीव समाजात रुजली.

२. स्त्रीदेहाचे मोजमाप : १९३९ ते १९५८

तयार कपडे विकत घेणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत असताना त्यांच्या देहाविषयीची माहिती मात्र कोणापाशीही नव्हती. मुलींच्या कपड्यांचे क्रमांक वयावरून ठरत. १४ क्रमांक म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीचा कपडा. प्रौढ स्त्रियांसाठी छातीचा घेर हेच एकमेव माप धरले जाई आणि उरलेली मापे त्यावरून अंदाजाने काढली जात. टपालाने कपडे मागविण्याची पद्धत अमेरिकेत मोठी असल्याने न बसणारे कपडे परत येण्याचे प्रमाणही मोठे होते. या नुकसानीने व्यापाऱ्यांना शास्त्राकडे वळविले.

१९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील गृहअर्थशास्त्र विभागाने स्त्रियांच्या देहमापनाचे व्यापक सर्वेक्षण केले. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेण्यात आली. मंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्यासाठी सुरू झालेल्या शासकीय योजनेतून यासाठी मनुष्यबळ मिळाले. १९४१ मध्ये या सर्वेक्षणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्त्रीदेहाचा इतका तपशीलवार अभ्यास तोपर्यंत झालेला नव्हता, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

तथापि त्याच्या मर्यादाही ठळक होत्या. मापे देण्यास स्त्रिया स्वेच्छेने आल्या असल्याने नमुना समाजाचे यथार्थ प्रतिनिधित्व करणारा नव्हता. त्याहून गंभीर बाब म्हणजे मापे अनेक वंशांच्या स्त्रियांची घेतली गेली असली तरी विश्लेषणात केवळ गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे धरण्यात आली. कृष्णवर्णीय व इतर स्त्रियांची मापे बाजूला ठेवली गेली. म्हणजे ‘सरासरी स्त्री’ ही संकल्पना जन्मतःच अपुरी होती.

या अहवालाचा एक निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. स्त्रियांचे बांधे इतके भिन्न आहेत की छातीच्या घेरावरून उर्वरित देहाचा अंदाज बांधता येत नाही. उंची आणि वजन यांची जोडी हा त्यापेक्षा बरा आधार ठरतो, असे अभ्यासकांना आढळले. परंतु दुकानात वजन सांगणे स्त्रियांना रुचणार नाही, अशी अडचण पुढे आली. शास्त्राने सुचविलेले उत्तम परिमाण व्यवहाराच्या सोयीसाठी मागे पडले आणि छातीचा घेर पुन्हा पायाभूत मानला गेला. ज्या वस्त्राचा छातीशी काहीही संबंध नाही, त्या विजारीलाही हाच क्रमांक लागू झाला.

युद्धानंतर टपालविक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या विनंतीवरून राष्ट्रीय मानक संस्थेने या माहितीची पुन्हा छाननी केली. लष्करात दाखल झालेल्या स्त्रियांची मापे तिच्यात मिळविण्यात आली आणि १९५८ मध्ये व्यापारी मानक प्रसिद्ध झाले. त्यात ८ पासून ३८ पर्यंत क्रमांक होते. प्रत्येक क्रमांकाला उंच, मध्यम आणि ठेंगणी असे तीन उंचीगट आणि नितंबांच्या घेरानुसार बारीक, मध्यम व भरदार असे तीन प्रकार जोडलेले होते. म्हणजे एकाच क्रमांकाच्या नऊ जाती संभवत होत्या. कागदावर तरी ठेंगण्या स्त्रीला स्वतंत्र स्थान मिळाले होते. व्यवहारात नऊही जाती शिवून दुकानात मांडणे कोणाही उत्पादकास परवडणारे नव्हते.

३. ‘पेटीट’ या वर्गाचा उदय

फ्रेंच भाषेतील ‘लहान’ या अर्थाचा शब्द अमेरिकी वस्त्रव्यवसायात एका विशिष्ट वर्गाचे नाव बनला, त्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील वस्त्ररचनाकार हॅना ट्रॉय यांना दिले जाते. १९४०च्या दशकात लष्करी सेवेसाठी पुढे आलेल्या स्त्रियांच्या मापांचा त्यांनी अभ्यास केला. बहुसंख्य अमेरिकी स्त्रियांचे खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंतर तयार कपड्यांत गृहीत धरलेल्या अंतरापेक्षा कमी आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. कपडा मोठा होतो तो घेरात नव्हे तर उभ्या अंतरांत, ही त्यांच्या निरीक्षणाची फलश्रुती होती. त्यानुसार त्यांनी आखूड धडाचे पोशाख बनविले आणि त्यांतून ‘पेटीट’ हा वर्ग आकारास आला.

पुढे ५ फूट ४ इंच, म्हणजे सुमारे १६३ सेंटीमीटर, ही या वर्गाची वरची मर्यादा सामान्यतः मान्य झाली. येथे एक विसंगती नजरेस येते. १९४१च्या अहवालातील अमेरिकी स्त्रीची सरासरी उंची सुमारे ५ फूट ३ इंच होती. आजही ती ५ फूट ४ इंचांच्या किंचित आतच आहे. म्हणजे ज्या स्त्रीला बाजार ‘लहान’ म्हणतो ती प्रत्यक्षात सरासरी स्त्री आहे. नियम म्हणून मांडलेले माप हाच अपवाद आणि अपवाद म्हणून कोपऱ्यात ठेवलेले माप हाच नियम, अशी ही स्थिती होती. दुसरी गफलत शब्दाच्या अर्थाची. ‘पेटीट’ म्हणजे कृश, असा समज ग्राहकांत आणि विक्रेत्यांतही पसरला. वस्तुतः या वर्गाचा संबंध उंचीशी आहे, जाडीशी नाही. ठेंगणी पण स्थूल स्त्री या समजामुळे दोन्हीकडून वंचित राहिली : ‘पेटीट’ विभागात तिचा घेर मिळत नसे आणि मोठ्या मापांच्या विभागात तिची उंची मिळत नसे.

४. लांबी आणि आसन : मापाची तांत्रिक बाजू

ठेंगण्या स्त्रीची अडचण केवळ पाय लांब होण्याची आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तसे असते तर मोहरी कापून तो प्रश्न सुटला असता. प्रत्यक्षात विजारीची उंची अनेक उभ्या अंतरांची बेरीज असते. कंबरपट्ट्यापासून दोन्ही पायांच्या सांध्यापर्यंतचे अंतर, ज्यास शिवणकामात आसन म्हणतात. तेथून गुडघ्यापर्यंतचे अंतर. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर. आणि यांशिवाय मागील खिशांची जागा व झिपची लांबी. उंची कमी असते तेव्हा ही सर्वच अंतरे कमी असतात. शिंपी मात्र यांपैकी फक्त शेवटचे अंतर सहज कमी करू शकतो.

आसन खोल राहिले की जीन्स सांध्यापाशी लोंबते आणि चालताना मांडीच्या आतील बाजूस चुण्या पडतात. कंबरपट्टा नैसर्गिक कमरेच्या वर जातो, तेथे देहाचा घेर निराळा असल्याने तो मागे सुटतो. गुडघ्यासाठी केलेली निमुळती बेतणी गुडघ्याच्या खाली येते. खाली रुंद होत जाणाऱ्या मोहरीची जीन्स कापली तर तिचा रुंद भागच कापला जातो आणि निमुळत्या मोहरीची कापली तर खालचा घेर अकारण सैल होतो. मागील खिसे नितंबांच्या मध्यावर न राहता खाली उतरतात. लांबी कापता येते. आसन कापता येत नाही, कारण त्यासाठी कंबरपट्टा, झिप आणि मागची बेतणी उसवून जीन्स नव्याने शिवावी लागते. दुहेरी टीप, जाड शिवणी आणि रिव्हेट यांमुळे हे काम साध्या विजारीपेक्षा कितीतरी अवघड होते.

याचे मूळ कारखान्यातील श्रेणीकरणाच्या पद्धतीत आहे. उत्पादक एका मध्यम मापाच्या नमुना-स्त्रीवर कपडा बेततात आणि तिच्या मापात ठरावीक इंच मिळवून वा वजा करून उरलेले क्रमांक काढतात. या पद्धतीत घेर बदलतो, परंतु उभी अंतरे फारशी बदलत नाहीत. त्यामुळे लहान क्रमांक म्हणजे बारीक पण तितकीच उंच स्त्री, असे समीकरण तयार होते. खऱ्या अर्थाने ठेंगण्या स्त्रीसाठी बेतलेली जीन्स हवी तर स्वतंत्र नमुना, स्वतंत्र श्रेणी आणि कमी उंचीची नमुना-स्त्री लागते. हा खर्च टाळून केवळ पाय आखूड केलेली जीन्स ‘पेटीट’ म्हणून विकली जाते, तेव्हा नाव बदलते, माप बदलत नाही.

कापडाच्या शोधांनी या प्रश्नावर काही प्रमाणात मात केली. १९५८ मध्ये ड्यू पाँट कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागा विकसित केला. पुढे डेनिममध्ये तो अल्प प्रमाणात मिसळला जाऊ लागला. ताणणाऱ्या कापडामुळे घेरातील चुका झाकल्या गेल्या, परंतु आसनाची खोली आणि गुडघ्याची जागा या चुका तशाच राहिल्या. किंबहुना घेराचा प्रश्न सुटल्याचा भास झाल्याने उत्पादकांना मापांची संख्या आणखी कमी ठेवता आली.

५. प्रमाण मापांचा लोप आणि बाजारपेठेचे अर्थकारण

१९७० मध्ये अमेरिकी मानकात सुधारणा झाली, तीही ऐच्छिक स्वरूपाची. १९८३ मध्ये ते मानक मागे घेण्यात आले. तोपर्यंत बहुतेक कंपन्यांनी स्वतःची मापे ठरविण्यास प्रारंभ केला होता. लहान क्रमांक लागल्याचे समाधान ग्राहकास मिळावे म्हणून त्याच क्रमांकाचा कपडा उत्तरोत्तर मोठा करण्यात आला. १९५८च्या मानकात ८ क्रमांकासाठी छातीचा घेर ३१ इंच होता. आज त्या क्रमांकाखाली मिळणारा कपडा त्याहून बराच मोठा असतो. परिणामी क्रमांकास माप म्हणून अर्थ उरला नाही. ठेंगण्या व बारीक स्त्रीला तर क्रमांकाच्या या घसरणीमुळे प्रौढांच्या विभागातून बाहेर पडून मुलींच्या विभागात कपडे शोधण्याची वेळ आली.

याच काळात जीन्सचे स्वरूपही पालटले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हाँगकाँगस्थित भारतीय वंशाचे उद्योजक मोहन मुरजानी यांनी ग्लोरिया व्हँडरबिल्ट यांच्या नावाने स्त्रियांच्या जीन्स अमेरिकेत आणल्या. स्त्रीच्या देहाला लक्षात घेऊन बेतलेली जीन्स हे त्यांच्या जाहिरातीचे सूत्र होते. कष्टाचे वस्त्र आता देहाच्या प्रदर्शनाचे वस्त्र झाले आणि नीट न बसणे ही गैरसोय न राहता लाजेची बाब बनली.

बाजारपेठ या प्रश्नाकडे खर्चाच्या नजरेने पाहते. उदाहरणादाखल एका जीन्सचे कंबरेनुसार ८ क्रमांक, उंचीनुसार ३ प्रकार आणि नितंबांनुसार २ प्रकार धरले तर एका रंगासाठी ४८ नग लागतात आणि ४ रंगांसाठी १९२. दुकानातील फळीची जागा मर्यादित असते, न खपलेला माल पडून राहतो आणि म्हणून सर्वप्रथम ज्यांवर कात्री चालते ती उंचीची मापे. २००६ मध्ये अमेरिकेतील सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या प्रतिष्ठित दुकानसमूहाने आपला ‘पेटीट’ विभाग बंद केला. ग्राहक स्त्रियांनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यावर तो पुन्हा सुरू करण्याचे त्यांना जाहीर करावे लागले. मोठ्या वयाच्या अनेक स्त्रिया या विभागावर अवलंबून होत्या. उतारवयात उंची घटते, हे त्यामागील एक कारण होय. ज्यांना कार्यालयात नीटनेटके दिसणे आवश्यक असते त्यांच्यासाठी हा प्रश्न हौसेचा नव्हता, ही बाब या प्रसंगाने स्पष्ट केली.

उत्पादकांनी पर्याय शोधले नाहीत असेही नाही. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यास ‘पर्सनल पेअर’ ही योजना काढली. दुकानात कंबर, नितंब, आसन आणि आतली लांबी ही मापे घेऊन ती संगणकाद्वारे कारखान्याकडे पाठविली जात आणि त्या स्त्रीपुरतीच जीन्स शिवून येई. या मापांत आसनाचा समावेश होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ही योजना कालांतराने थांबली. २०१० मध्ये याच कंपनीने सुमारे ६०,००० स्त्रियांच्या देहचित्रणाच्या आधारे बांध्यांचे तीन प्रकार निश्चित केले. कंबर व नितंब यांतील फरक त्यांत विचारात घेतला होता. उंचीचा प्रश्न मात्र बव्हंशी पायाच्या लांबीवरच सोपविलेला राहिला.

६. भारतीय संदर्भ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांच्या आकडेवारीनुसार भारतातील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर, म्हणजे ५ फूट आहे. अमेरिकी कसोटी लावल्यास बहुसंख्य भारतीय स्त्रिया ‘पेटीट’ ठरतात. या उंचीमागे आनुवंशिकतेबरोबरच बालपणीचे पोषण, आजार आणि आर्थिक स्थिती यांचाही वाटा असतो. म्हणून येथे मापाचा प्रश्न केवळ फॅशनचा राहत नाही. ज्या देशातील बहुसंख्य स्त्रियांचा बांधा परदेशी तक्त्यात अपवाद म्हणून नोंदला जातो, त्या देशाने तोच तक्ता आपल्या दुकानांत का वापरावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

भारतात तयार जीन्सचा प्रसार १९८०च्या दशकात झाला. अरविंद मिल्सने १९८०च्या सुमारास ‘फ्लाइंग मशीन’ ही नाममुद्रा आणली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात डेनिमचे मोठे उत्पादन सुरू केले. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची मापेही आली. मुंबईतील आझाद मैदानालगतच्या फॅशन स्ट्रीटवर निर्यातीतून उरलेला माल विकला जाई. तो तर परदेशी ग्राहकांसाठीच बेतलेला असे. ५ फूट उंचीच्या स्त्रीच्या पायाची आतली लांबी साधारणतः २७ इंचांच्या आसपास असते आणि जीन्स येई ती ३० वा ३२ इंचांची. विकत घेतलेली जीन्स तशीच शिंप्याकडे नेणे ही त्यामुळे खरेदीचीच एक पायरी बनली. बाजारपेठांच्या कडेला यंत्र मांडून बसणारा, जीन्सची मोहरी कापून देणारा कारागीर हा मापांच्या या विसंगतीचीच निर्मिती होय.

या संदर्भात १९९५ मध्ये अरविंद मिल्सने आणलेला ‘रफ अँड टफ’ हा प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. डेनिमचे कापड, झिप, बटण, रिव्हेट आणि चामड्याची पट्टी असा न शिवलेल्या जीन्सचा संच सुमारे २०० रुपयांत मिळत असे. तो ग्राहकाने आपल्या शिंप्याकडून शिवून घ्यावयाचा होता आणि त्यासाठी लहान गावांतील हजारो शिंप्यांना या योजनेशी जोडण्यात आले. त्यामागील हेतू किंमत कमी ठेवण्याचा होता आणि ग्राहक प्रामुख्याने पुरुष होते. तरीही मापाच्या दृष्टीने पाहता औद्योगिक कापड आणि अंगाचे माप यांचा मेळ घालणारा मार्ग या प्रयोगात होता. स्त्रियांसाठी त्याचा विस्तार झाला असता तर आसन आणि गुडघा दोन्ही योग्य जागी येऊ शकले असते. परंतु तयार जीन्स स्वस्त होत गेली आणि शिंप्याकडील काम शिवण्याऐवजी कापण्यापुरते उरले.

महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसविलेले शहर पुढे जीन्स शिवण्याचे मोठे केंद्र झाले. तेथील छोट्या कारखान्यांनी भारतीय बाजारपेठेसाठी स्वस्त जीन्स पुरविल्या. जीन्स धुण्याच्या प्रक्रियेतील सांडपाण्यामुळे वालधुनी नदीचे प्रदूषण झाले आणि हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. न बसणाऱ्या कपड्याचा विचार करताना ही बाजूही दुर्लक्षून चालत नाही. विकत घेऊन न वापरलेल्या जीन्ससाठीही कापूस, पाणी आणि श्रम खर्ची पडलेलेच असतात.

भारतीय देहासाठी स्वतंत्र मापे असावीत, ही गरज शासनानेही मान्य केली. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह देशातील सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय देहचित्रण यंत्राद्वारे घ्यावयाची, असे त्याचे स्वरूप ठरले. देशाचा विस्तार व प्रादेशिक भिन्नता लक्षात घेता हे पाऊल महत्त्वाचे आहे. तथापि १९४१च्या अमेरिकी अहवालाचा धडा येथे विसरता येणार नाही. मापे घेणे पुरेसे नसते. कोणाची मापे तक्त्यात ठेवली जातात आणि त्यांपैकी कोणते माप आधारभूत मानले जाते, यावर सर्व काही अवलंबून असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. जीन्सचे माप मूलतः पुरुष कामगाराच्या देहावरून ठरले. स्त्रियांची जीन्स आल्यावरही मापाची मूळ चौकट फारशी बदलली नाही.

२. स्त्रीदेहाच्या पहिल्या व्यापक सर्वेक्षणात उंचीचे महत्त्व सिद्ध झाले होते, परंतु व्यापारी सोयीसाठी छातीचा घेर आधारभूत मानला गेला. ठेंगण्या स्त्रियांच्या आजच्या अडचणीचे बीज या निर्णयात आहे.

३. ‘पेटीट’ या वर्गाची मर्यादा सरासरी उंचीच्याही वर आहे. म्हणून या स्त्रियांना अपवाद मानणे आकडेवारीस धरून नाही.

४. नीट बसणारी जीन्स म्हणजे आखूड जीन्स नव्हे. आसन, गुडघा, खिसे आणि कंबर ही सर्व अंतरे प्रमाणात कमी करणे आवश्यक असते. जीन्स निवडताना प्रथम आसन पाहावे आणि लांबीचा विचार नंतर करावा, हा या अभ्यासाचा व्यावहारिक अर्थ होय.

५. भारतात बहुसंख्य स्त्रिया कमी उंचीच्या असल्याने येथील प्रमाण माप त्यांच्यावरूनच ठरले पाहिजे. त्यासाठी सर्वेक्षणात ग्रामीण, श्रमिक आणि वयस्क स्त्रियांनाही पुरेसे प्रतिनिधित्व मिळणे गरजेचे आहे.

आरशासमोर उभी राहून स्वतःच्या देहाला दोष देणाऱ्या स्त्रीला हा इतिहास ज्ञात नसतो. तो ज्ञात झाला तर तिच्या लक्षात येईल की तिची उंची कमी नाही. तिचे माप घेणाऱ्यांची पट्टी अपुरी पडली आहे. कपड्याने देहाप्रमाणे बदलावे, ही साडीच्या निऱ्यांत सामावलेली जुनी समज आधुनिक उद्योगाने नव्या साधनांच्या साहाय्याने पुन्हा स्वीकारणे, हाच या प्रश्नावरील दूरगामी उपाय ठरेल.